सीटवर कांदा

रात्री अकरा बावन्न. लिलाव संपायला आठ मिनिटं.
कार्बनची फ्रेम, काळी, चौपन्न साइझ,
वजन साडेसात किलो.
एवढ्या वजनाला आमच्या मार्केटात नमुना म्हणतात.
आत्ताची बोली एक लाख बारा हजार.
नवरा घोरतोय. नेरुळला वारा खाडीकडून येतोय.
माझा अंगठा अजून बटणावर नाही,
बटणापासून बोटभर वर आहे.

एकोणीस वर्षं मी तुर्भ्याला
कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते.
सासरे तिथेच अडत्याकडे होते. त्यांच्या उमेदीत
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा,
बघणाऱ्याला दिसायचं फक्त हलणारं कापड.
ते म्हणायचे, वरचा कांदा तुला दाखवायला ठेवलेला असतो,
खालचा तू बघायचा.
कोपरापर्यंत हात घाल. घाण होईल. होऊ दे.

या काचेत हात कुठून घालू?

'शिखर रायडर' एक लाख पंधरा.
'घाटवाला ७७' एक लाख अठरा.
पुन्हा शिखर. पुन्हा घाटवाला.
दोघांचीही खाती याच मंगळवारी उघडलेली,
दोघेही दर चाळीस सेकंदांनी जागे होतात.
रुमाल हलतोय.
दोन्हीकडची बोटं एकाच माणसाची असावीत.

विकणारा गोड लिहितो. बदली झालीये म्हणतो,
सायकल खारघरला पॅक करून ठेवलीये,
वीस हजार सरळ माझ्या नंबरवर टाका,
लिलाव थांबवून तुम्हालाच देतो,
अजून दोघं मागे लागलेत, मॅडम.
फोटोत सायकलमागे खिडकी, खिडकीबाहेर देवदार.
खारघरला देवदार!

मी लिहिलं: सीटवर एक कांदा ठेवून फोटो पाठवा.
कांदा?
हो. लाल, पांढरा, कुठलाही.
मॅडम, विश्वास नाही का?
विश्वासाचं राहू द्या. कांदा ठेवा.

तीन टिंबं उठली, बसली, पुन्हा उठली.
बारा वाजले. घाटवाला जिंकला म्हणे.
सकाळी डबा भरताना बघितलं तर
तीच सायकल पुन्हा लिलावाला,
देवदारासकट. विकणाऱ्याचं नाव तेवढं नवं.

ऐरोलीच्या अच्युत कारखानीसांनी मात्र
दोन मिनिटांत कांदा पाठवला.
रेसिंगची सीट अरुंद, कांदा ठरेना,
म्हणून बाईंनी वरून बोट धरलेलं,
बोटावर हळदीचा डाग.
गुडघे गेले हो, नाहीतर विकली नसती, असं खाली.

रविवारी सारसोळ्याच्या हरेश्वर मढवीला घेऊन गेले.
त्याने सायकल उलटी केली, नखाने ग्रीस खरवडलं,
नंबर मोठ्याने वाचला. मी बिलावर बोट फिरवत गेले.
जुळला, शेवटच्या आकड्यापर्यंत.
मग त्याने दोन रुपयांचं नाणं काढलं
आणि डॉक्टर छाती वाजवतात तशी फ्रेम वाजवत निघाला.
टक. टक. टक. टक.
पेडलच्या जरा वर: थप.

पुन्हा वाजवा, कारखानीस म्हणाले.
थप.

रंगावर ओरखडाही नव्हता. भेग आतून.
मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.
एकोणीस वर्षं तोंडंच बघते,
त्यांना खरंच माहीत नव्हतं.
चहा झालेला होता, तो प्यायलो.
सायकल तशीच पालथी, पुढचं चाक बराच वेळ फिरत होतं,
कुणी थांबवलं नाही.

खात्यात एक लाख वीस हजार तसेच आहेत.
पारसिकचा चढ आहे तिथेच आहे.
मढवी म्हणतो, घाई कुणाला?
मला आहे. डिसेंबरात पन्नाशी.

रात्री अकराला पुन्हा फोन उघडते.
पांढरी फ्रेम, बोली ब्याण्णव हजार,
खिडकीबाहेर निदान नारळ.
लिहिते:
नमस्कार. घरात कांदा आहे का?